सातव्या झुंजीतले आठ सेकंद

१

सकाळी सव्वाआठला पाकीट फोडलं आणि तळावरच्या मोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाकिटावर मिस्त्रींची सही होती. 'झुंज सातवी, थोरली' असं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं आणि चिकटपट्टी जागच्या जागी होती. आत कार्डही होतं. फक्त ते भलतंच होतं. थोरलीच्या नोंदीच्या कार्डाला पिवळी कड असते, ह्याची कड निळी होती. आणि यंत्रात घातलं तर कोरं करकरीत!

"चार वाजता समिती येतेय," साहेब म्हणाले. "आता त्यांच्यापुढे काय ठेवू? हे? आणि वर चहा-बिस्किटं?"

समोरच्या खुर्चीवर वर्तुळबाई बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्या या हवाई तळावरून निवृत्त झाल्या, पण साहेबांचं काही अडलं की पहिला फोन त्यांनाच जायचा. विमानात त्या जन्मात बसल्या नव्हत्या. बसमध्येसुद्धा त्यांना मळमळायचं. पण कुठलं विमान किती वेगात किती लहान वर्तुळात वळेल हे तीस वर्षं त्यांनी कागदावर काढलं होतं, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

प्रकरण असं होतं. हवाई दलाला नवं लढाऊ विमान घ्यायचं होतं आणि दोन कंपन्यांची दोन विमानं दाराशी उभी होती. एक दोन इंजिनांचं, थोराड, अंगात रग असलेलं. दुसरं एकाच इंजिनाचं, हलकं, चपळ. तळावरच्या लोकांनी त्यांची नावं केव्हाच ठेवून टाकली होती, थोरली आणि धाकटी. लांबून मारा करण्यात दोघी सारख्याच निघाल्या. मग ठरलं, की जवळच्या लढाईत कोण सरस ते बघायचं. दहा लुटुपुटीच्या झुंजी. जी दुसरीच्या शेपटीमागे लागेल ती जिंकली. चालक दोनच. पाच झुंजी झाल्या की त्यांनी विमानांची अदलाबदल करायची, म्हणजे कौतुक माणसाचं की विमानाचं हा वाद नको.

सहा झुंजींनंतर तीन-तीन अशी बरोबरी होती. परवा सातव्या झुंजीत थोरली उडवणारा चालक वळता वळता बेशुद्ध पडला. आठ सेकंद विमान नाक खाली करून जमिनीकडे निघालं होतं. सुदैवानं तो जागा झाला आणि विमान सुखरूप उतरलं.

"कार्डात चालकासमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं," साहेब म्हणाले. "ते आठ सेकंद त्यातच होते. कोणीतरी चोरलेत, बाई."

"आणि चालक कोण होता?"

साहेबांनी नजर खाली घातली. "आबा."

वर्तुळबाईंच्या हातातली पेन्सिल टेबलावरून गडगडत खाली गेली.

२

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा असंच एक विमान विकायला आलं होतं आणि त्याच्या गुळगुळीत माहितीपत्रकात वळणाचं एक सुरेख वर्तुळ छापलेलं होतं. बाईंनी आकडे मांडले तर वर्तुळ दीडपट मोठं आलं. भर बैठकीत त्यांनी तसं सांगितलं आणि बैठक हसली. "बाई, पोळ्या लाटताना वर्तुळं काढा," असं एक मोठे अधिकारी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सत्तावीस वर्षांचा एक बुटका चालक ते विमान घेऊन वर गेला, हाडं खिळखिळी होईस्तोवर ते वळवून खाली आला, घामेजल्या कपड्यांनी तसाच बैठकीत शिरला आणि म्हणाला, "बाईंचं वर्तुळ खरं आहे." एवढंच. सलाम ठोकून निघून गेला.

तोच आबा. बाईंना त्याचे आभार मानायचे होते. पण त्या दिवशी तो थांबलाच नाही, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि मग वीस वर्षं निघून गेली.

आता आबा चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत एकटेच बसले होते. पुढ्यात एक हातानं लिहिलेला कागद. एक पाय वर घेऊन ते पोटरी खाजवत होते.

"या बाई. पाचच मिनिटं उशीर झाला असता तर सही झाली असती."

बाईंनी कागद वाचला. 'शरीर आता साथ देत नाही, सबब मला उड्डाणाच्या कामातून मुक्त करावे.'

"हे काय खूळ?"

"खूळ कसलं? विमान वळलं की सात जीचा दाब येतो, माणसाचं वजन सातपट होतं, रक्त पायात उतरतं. मेंदूला मिळालं नाही की दिवे गेले. माझे गेले. वय झालं."

"तुम्हाला आठवतंय काय काय?"

"धाकटीतल्या जावयाला डोळ्यांनी शोधत होतो हे आठवतं. मग त्याची हाक, 'आबा, नाक वर! नाक वर घ्या!' मधलं सगळं कोरं. आणि बाई, त्या पोराच्या हाकेनं मी जिवंत आहे. आता कोणाबद्दल तक्रार नाही. भरपूर उडलो, जमिनीवर परत आलो. माणसानं आणखी काय मागायचं?" हे बोलताना त्यांचा आवाज मात्र चिरकला.

"दाबाची विजार घातली होती ना?"

"वा! ती घातल्याशिवाय कोण उडतं? वळण सुरू झालं की नळीतून हवा येते, विजार फुगते आणि पोट-पाय आवळून रक्त वर ठेवते. उडण्याआधी बटण दाबून बघितलं, झकास आवळली. विमानाचा काही दोष नाही, उगाच कोणाचं नाव घेऊ नका." ते आता दुसरी पोटरी खाजवू लागले.

"डास चावले का?"

"छे, बारीक लाल पुरळ आहे. जोरात वळलं की येतंच ते अंगावर."

बाईंनी त्यांच्या पोटऱ्यांकडे नीट बघितलं. मग त्यांनी तो राजीनामा शांतपणे उचलला, उलटा करून पाहिला आणि पिशवीत टाकला.

"अहो, अहो!"

"पाठकोरा आहे. मला आकृती काढायला कागद हवाय. चारपर्यंत धीर धरा."

३

हँगरमध्ये थोरली उभी होती आणि तिच्या पोटाखाली मिस्त्री. तिच्या देखभालीचा सगळा भार त्यांच्यावर. जगावर रागावल्यासारखे ते एक झाकण पुसत होते, जे आधीच लखलखत होतं.

"कार्ड मीच काढलं, मीच पाकिटात घातलं, सही माझी," बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "घाला मला बेड्या!"

"बेड्या राहू द्या. कड बघितली होती का?"

मिस्त्रींचा हात थांबला. "नाही," ते हळूच म्हणाले. "आबांचा चेहरा पांढराफटक झाला होता, बाई. मी आधी त्यांना धरून उतरवलं. लक्ष सगळं त्यांच्याकडे, खाचेतून कार्ड ओढलं आणि न बघताच पाकिटात सारलं. एकवीस वर्षांत अशी चूक केली नाही मी."

"शिडीवर सगळ्यात आधी तुम्ही चढलात?"

"मी चढणार होतो. पण जावई धावत आला. आपली धाकटी उभी केली न केली तोच! माझ्याआधी वर, पट्टे सोडले, आबांना हलवून हलवून विचारत होता, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का."

जावई म्हणजे दुसरा चालक. धाकटीशी त्याचं सूत असं जुळलं होतं, की तिच्या कंपनीचे लोक त्याची सासुरवाडीसारखी सरबराई करायचे. म्हणून हे नाव.

"निळी कार्डं कोणाकडे असतात?"

"धाकटीच्या गड्यांकडे, कुलपात. आणि उडताना चालकाच्या गुडघ्याच्या खिशात एक जादाचं." मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं आणि डोळे बारीक केले. "म्हणजे बाई... तुम्हाला असं म्हणायचंय का..."

"मला अजून काही म्हणायचं नाहीये."

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. थोरलीच्या कंपनीचे प्रतिनिधी. उन्हातान्हातसुद्धा गळ्यात टाय, म्हणून सगळे त्यांना टायवाले म्हणत.

"म्हणावंच लागेल!" टायवाले म्हणाले. "ते कार्ड आम्हालाच हवं होतं. त्यात स्वच्छ दिसलं असतं, की चालक बेशुद्ध झाला, विमान नाही. आता समिती म्हणणार, थोरलीतच खोट होती. यात फायदा कोणाचा? धाकटीचा! आणि धाकटीचा जावई कोण, हे मी सांगायला हवं का?"

मिस्त्रींच्या मुठी आवळल्या. बाईंनी थोरलीची शिडी धरून वर डोकावलं. आसन पार वरच्या टोकाला नेऊन ठेवलेलं होतं.

"हे एवढं उंच?"

"आबांचं माप," मिस्त्री म्हणाले. "उंची बेताची ना! आसन वर घेतलं नाही तर त्यांना आकाशाऐवजी समोरची यंत्रांची पाटी दिसते. जावई म्हणजे ताडमाड, त्याच्या पाच झुंजींत आसन तळाला होतं."

आसनाच्या डाव्या बाजूला बोटभर जाडीची एक रबरी नळी लोंबत होती. बाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते आणि संशयाचं बोट ज्याच्याकडे वळलं होतं त्याचा कुठंच पत्ता नव्हता.

४

जावई सापडेपर्यंत बाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई तळावर येऊन दोनच महिने झाले होते. माणूस सरळ, कामाला वाघ, पण सगळं नवीन.

"मी 'वयोमानाप्रमाणे सहनशक्ती कमी' असंच लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "मलाही वाईट वाटतं. पण एक कोडं सुटत नाही. आल्या आल्या मी सगळ्यांना फिरत्या पाळण्यात बसवून दाब दिला होता. आबांनी आठ जी हसत हसत सोसला. आणि परवा साडेसहा जीलाच शुद्ध गेली."

"पाळण्यात विजार फुगवलेली होती?"

"अर्थात."

"परवा तपासलंत तेव्हा अंगावर काय दिसलं?"

डॉक्टरीणबाईंनी नोंद काढली. "विशेष काही नाही. लाल पुरळ. दाबानं बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सगळ्याच चालकांना येतं. हातांवर तर नेहमीच."

"आबांना कुठं कुठं होतं?"

"हात... मांड्या... पोटऱ्या..." वाचता वाचता त्यांचा आवाज मंदावला. त्यांनी नोंदीकडे बघितलं, मग बाईंकडे. "पण मांड्या-पोटऱ्या तर विजारीखाली असतात."

"आणि विजार आवळून बसली असेल तर?"

"तर तिथं पुरळ येणारच नाही!" डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. "ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणजे त्या वेळी विजार फुगलेलीच नव्हती?"

"असं त्यांचे पाय म्हणतात. ते स्वतः म्हणतात की उडण्याआधी झकास फुगली. दोघांवरही माझा विश्वास आहे." बाईंनी पिशवी उचलली. "म्हणजे वर आकाशात काहीतरी झालं. आणि नेमकं सातव्याच झुंजीत. सहाव्यात का नाही? तेव्हाही आबाच होते, थोरलीच होती, आसनही उंचच होतं."

त्याचं उत्तर दवाखान्यात नव्हतं. नियंत्रण मनोऱ्याच्या ब्याण्णव पायऱ्या चढाव्या लागणार होत्या आणि बाईंचे गुडघे पहिल्या पायरीपासूनच कुरकुरू लागले.

५

मनोऱ्यात रडारच्या नोंदी होत्या. दर सेकंदाला कोणतं विमान कुठं. बाईंना हवं होतं ते एवढंच. राजीनाम्याची कोरी पाठ पसरून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं.

पहिली झुंज. दोघी समोरासमोर आल्या, एकमेकींना ओलांडलं आणि वळल्या. धाकटीचं वर्तुळ लहान, थोरलीचं मोठं, पण थोरली वेग न गमावता वळत राहते. म्हणजे धाकटीनं पहिल्या दोन फेऱ्यांत डाव साधला तर साधला, नाहीतर ती दमते आणि थोरली तिला गाठते. बाईंना मजा वाटू लागली. हिचं चापल्य, तिचा दम. दुसरी झुंज, तिसरी, चौथी. सहा झुंजींची वर्तुळं कागदावर उतरली आणि त्या चपापल्या.

सगळी वर्तुळं डावीकडची होती.

"हे काय?" त्यांनी नियंत्रकाला विचारलं. "उजवीकडे वळायला बंदी आहे का?"

नियंत्रक हसला. "बंदी कसली! सवय हो. उतरताना विमानतळाला घिरटी डावीकडून घालतात, शिकल्यापासून तेच. हाताला डावंच वळण लागतं. झुंजीतसुद्धा माणूस पहिल्यांदा डावीकडेच झुकतो. इतकं अंगवळणी पडलंय, की कोणाच्या लक्षातही येत नाही."

बाईंनी सातवी झुंज काढायला घेतली. पहिली फेरी डावी. दुसरी डावी. आणि मग धाकटी एकदम पलटली. बाईंची पेन्सिल आजच्या दिवसात पहिल्यांदाच उजवीकडे फिरली. थोरलीनंही पलटून उजवीकडे वळण घेतलं, घट्ट, आणखी घट्ट, आणि तिथून पुढे रेघ सरळ गेली. आठ ठिपके, एकामागोमाग एक, जमिनीकडे.

"त्या वेळचं बोलणं ऐकवता?"

नियंत्रकानं ध्वनिफीत लावली. आधी आबांचा धापा टाकणारा, खूश आवाज, "उजवीकडे आलास होय रे, लबाडा!" मग शांतता. मग जावयाची ती हाक. ऐकताना अंगावर काटा आला.

"पुन्हा लावा. शब्दांकडे लक्ष देऊ नका, मागचं ऐका."

आबांच्या 'लबाडा'च्या मागे एक बारीक आवाज होता. फुस्स... सायकलच्या चाकातून हवा जावी तसा.

बाईंनी डोळे मिटले. लाल पुरळ, उंच आसन, डावीकडची नळी, उजवं वळण. विमानाचं त्यांना समजलं. उरला होता चोर. आणि तो मनोऱ्याच्या गच्चीवर, त्यांच्यापासून दहा पावलांवर, कठड्याला टेकून मोकळ्या धावपट्टीकडे बघत उभा होता.

६

"सकाळपासून शोधतेय तुला," बाई म्हणाल्या. "जावयाचे पाय धरायचे तरी किती?"

जावई हसला नाही. "मला माहितेय बाई, खाली काय चाललंय. धाकटी जिंकावी म्हणून मी कार्ड चोरलं, असंच ना?"

"टायवाले तसं म्हणतात. पण ते चुकतायत. धाकटी जिंकावी असं वाटणाऱ्यानं ते कार्ड जपून ठेवलं असतं, चारदा दाखवलं असतं. थोरली हरली हे त्यात दिसत होतं ना! आणि टायवाल्यांना ते हवंच होतं. म्हणजे ते कार्ड नाहीसं होण्यात दोन्ही कंपन्यांचा फायदा नाही. मग एकच माणूस उरतो. ज्याला वाटलं, की आबांची मान लुळी पडलेली जगानं बघू नये."

तो ताडमाड पोरगा लहान मुलासारखा खाली बसला.

"मी तीनदा नापास झालो होतो बाई. काढूनच टाकणार होते. आबांनी स्वतःच्या सुट्ट्या घालवून मला शिकवलं. हे वळण, ते वळण, सगळं त्यांचं. त्या उजव्या पलटीचा डावसुद्धा त्यांनीच शिकवलेला. मी त्यांचाच डाव त्यांच्यावर टाकला आणि ते..." त्यानं तोंड फिरवलं. "शिडीवर चढलो तर कार्ड समोर. खिशात माझं कोरं कार्ड होतं. हात आपोआप गेला."

"आहे कुठं ते?"

"मोडलं. दोन तुकडे करून भट्टीत टाकलं."

बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण आलं डोळ्यांत पाणी.

"अरे वेड्या, करायला गेलास गणपती आणि झाला मारुती! त्या कार्डात आबा बेशुद्ध का पडले ते होतं. त्यांचा दोष नव्हता. ते एका चित्रणात दिसलं असतं आणि तू तेच जाळलंस."

जावयाचा चेहरा आबांच्या परवाच्या चेहऱ्याइतकाच पांढरा झाला.

"आता?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आता पुरावा आपणच करायचा," बाई उठत म्हणाल्या. "चल, हात दे. ब्याण्णव पायऱ्या उतरायच्यात, आणि समिती चारला येतेय."

७

चार वाजून दहा मिनिटं. थोरलीभोवती समितीचे तिघे, साहेब, डॉक्टरीणबाई, मिस्त्री, टायवाले आणि आबा उभे होते. बाईंनी पुरळाचं सांगितलं, ध्वनिफीत ऐकवली, कागदावरची वर्तुळं दाखवली.

"नळी डाव्या हाताला आहे," त्या म्हणाल्या. "चालक उंच असेल तर आसन खाली, नळी सैल. बुटका असेल तर आसन वर, नळी ताणलेली. तरी डावीकडे वळताना काही होत नाही, कारण तो डावीकडे मान वळवतो, नळी आणखी सैल होते. उजव्या खांद्यावरून मागे बघितलं तर अंग पिळतं, कंबर नळीपासून दूर जाते. सगळी झुंजणारी मंडळी डाव्या वळणाची. म्हणून आजवर ही खोट निघाली नाही. आणि उतरल्यावर नळी काढलेलीच असते, त्यामुळे ती वर असतानाच निघाली होती हे कोणाला कळणार?"

"तर्क छान आहे," टायवाले म्हणाले. "पण आमची नळी मापात आहे. तर्कानं नळी निघत नाही."

"आबा, बसा."

आबा विजार चढवून आसनावर बसले, आसन वर घेतलं, पट्टे आवळले, नळी जोडली. मिस्त्रींनी हवेचं यंत्र सुरू केलं आणि विजार फुगली.

"आता उजवीकडे मागे बघा."

आबांनी सावकाश मान वळवली. नळी ताणली गेली. पण जागची हलली नाही.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. आबांनी पुन्हा बघितलं. काही नाही. टायवाल्यांनी टाय नीट केला. समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. बाईंनी हातातला कागद पुन्हा एकदा बघितला. आयुष्यभर कागदावर काढलेली सगळी वर्तुळं आता या एका नळीवर येऊन टेकली होती.

"राहू द्या बाई," वरून आबा समजुतीनं म्हणाले. "तुम्ही एवढं केलंत, माझं मन भरलं. कागद द्या तो माझा, सही करतो."

तेवढ्यात शेपटीमागून, उजव्या पंखाच्या आडून जावयाचा आवाज दणाणला.

"आबा! उजवीकडे आलो!"

आबा विचार करून वळले नाहीत. पंचवीस वर्षं झुंजलेलं अंगच वळलं, खांदा, कंबर, मान, सगळं एका झटक्यात.

फट्!

नळी सुटली आणि आसनाच्या कडेला आपटली. फुस्स करून सुटलेली हवा हँगरभर ऐकू गेली. तोच आवाज. आणि आबांची विजार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मऊ पडत गेली.

मिस्त्रींनी फडक्यात तोंड लपवलं आणि खुशाल रडून घेतलं.

८

टायवाल्यांना मोजपट्टी सापडेना. शेवटी त्यांनी टाय सोडला, नळीला लावून माप घेतलं आणि त्यावर पेनानं खूण केली. "वीतभर लांब करावी लागेल. सगळ्याच विमानांत," ते म्हणाले. मग घुटमळले. "आमचे चाचणी चालक सगळे उंच आहेत हो. आमच्या ध्यानातच आलं नाही. एखादा गेला असता. बाई, आबा, मी आभारी आहे, अगदी मनापासून." त्या दिवशी प्रथमच लोकांनी त्यांचा मोकळा गळा बघितला.

जावयानं समितीपुढे जाऊन सगळं कबूल केलं. महिनाभर उड्डाण बंद, शिवाय मिस्त्रींच्या हाताखाली झाकणं पुसायची. तो बाहेर आला तेव्हा दारात आबा उभे होते. त्यानं मान खाली घातली.

"गाढवा," आबा म्हणाले, "मला वाचवायचं काम तू वरच आठ सेकंदांत केलं होतंस. खाली येऊन पुन्हा कशाला केलंस?" आणि त्याला जवळ ओढून घेतलं. आबांचं डोकं त्याच्या छातीपाशी आलं, पण आधार कोण कोणाला देतंय हे सगळ्यांना कळत होतं.

समितीनं निकाल दिला, की सातवी झुंज रद्द, नळी बदलून पुढच्या झुंजी डाव्या-उजव्या दोन्ही वळणांनी घ्यायच्या आणि थोरली आबाच उडवतील. धाकटीसाठी दुसऱ्या तळावरून चालक येईल.

"आबा, तुमचा तो कागद?" साहेबांनी मिस्कीलपणे विचारलं.

"समितीनं नेला," आबा म्हणाले. "पाठीवर वर्तुळं आहेत ना. पुराव्यात लागला म्हणे, आता परत मिळायचा नाही."

फाटकापर्यंत सोडायला ते बाईंबरोबर आले. "बाई, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही."

"मानू नका. आधी माझे घ्या, ते जुने आहेत." बाई थांबल्या. वीस वर्षांपूर्वीसारखीच लाज वाटली, पण या खेपेला त्यांनी ती जुमानली नाही. "सगळी बैठक हसत होती तेव्हा तुम्ही घामानं निथळत आत आलात आणि माझं खरं आहे म्हणालात. त्यानंतर मला कोणी हसलं नाही. माझी पुढची सगळी नोकरी त्या एका वाक्यावर झाली. हे सांगायचं राहून गेलं होतं."

आबांनी आश्चर्यानं त्यांच्याकडे बघितलं. "मी विसरूनही गेलो होतो," ते म्हणाले.

"मी नाही."

नव्या नळीनं सातवी झुंज पुन्हा झाली, ती बरोबर पंधरा दिवसांनी, सकाळी दहा वाजता. बाई ब्याण्णव पायऱ्या चढून आधीच मनोऱ्यात बसल्या होत्या, पेन्सिलीला टोक काढून. दोन ठिपके एकमेकांना ओलांडून गेले. धाकटी डावीकडे झुकली. थोरली क्षणभर सरळ गेली आणि मग उजवीकडे वळली, घट्ट, आणखी घट्ट, आणि वळतच राहिली. बाईंच्या हाताखाली वर्तुळ पुरं झालं.

रेडिओ खरखरला. धापा, आणि त्यातून हसू.

"बाई, मनोऱ्यात आहात ना? वर्तुळ कसं आलं?"

नियंत्रकानं बटण त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी ते दाबलं.

"आबा," त्या म्हणाल्या, "खरं आलं."